मातीच्या वाडग्याला मातीचे हात चालत नाहीत म्हणे

रविवारी पांढरकवड्यात जपानी चहाचा कार्यक्रम झाला. आज बुधवार... आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. म्हणून लिहितेय.

तर तिथे ठेवलेला चहा प्यायचा वाडगा माझा. भाची मृणाल दोन वर्षं जपानला होती, तिने येताना आणला. काळपट, जाड काठाचा, एका अंगाला जरासा कललेला. आमच्या ह्यांनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, यात चटणी वाटायची का...

तिथल्या ज्या कुंभार आजोबांनी तो केला, त्यांच्याशेजारी बसून मृणालने सगळं पाहिलंय. चाक नाहीच. मातीची जाडसर पोळी थापायची, तिच्या कडा दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू वर उचलायच्या, वाळत आला की लोखंडी पातीने खरवडायचं. मग भट्टीतून लालबुंद असतानाच चिमट्याने बाहेर काढायचा. बोटांनी पडलेले खळगे पुसत नाहीत, पिणाऱ्याची बोटं तिथे नीट बसावीत म्हणून.

आमच्या इथल्या हौशी मंडळाला हे कळलं आणि कार्यक्रम ठरला. बाहेरगावचे एक पाहुणे व्याख्यान देणार, मध्यभागी माझा वाडगा. मी म्हटलं, मग केळापूरच्या कुंभार रामाजीकाकांनाही बोलवू, चाक घेऊन येतील, लोकांना आपलीही कला दिसेल. बॅनरचा मजकूरही मीच लिहून दिला... शिक्षिका ना मी, अशी कामं माझ्याच गळ्यात पडतात.

रामाजीकाकांकडून मी अठरा वर्षं माल घेते. उन्हाळ्यात घागर, दिवाळीला डोक्यावर दिवे घेतलेली ग्वालीण, फार्महाऊस काढलेल्या दिरांसाठी चूलसुद्धा. आमंत्रण द्यायला गेले तेव्हा काकू अंगणात चूल थापत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मले हातात घेऊन पाहाले भेटन का जी तो वाडगा?"

का नाही भेटणार, माझाच तर आहे... मी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला.

रविवारी दोघं ऑटोत चाक घालून आले. मंडळाने त्यांना कुठे बसवलं असेल? हॉलबाहेर, गाड्यांच्या पार्किंगजवळ, भर उन्हात. काका चाक फिरवताहेत, काकू शेजारी माती मळताहेत, आणि आतमध्ये माझा वाडगा लाल मखमलीवर, पंख्याखाली. समोर पाटी, 'कृपया हात लावू नये'. चहाचा कार्यक्रम, आणि या दोघांना चहा विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. मीच कँटीनमधून नेऊन दिला.

पाहुणे तासभर बोलले, चांगलं बोलले. वाकडेपणातही सौंदर्य असतं वगैरे... बायका माना डोलावत होत्या. त्यातल्याच दोघी आत येण्याआधी काकांची घागर 'एका बाजूला झुकलीय' म्हणून खाली ठेवून आल्या होत्या, मी पाहिलंय. माझी चिडचिड तिथूनच सुरू झाली.

व्याख्यान संपल्यावर काकू आत आल्या. पदराला हात पुसले, टेबलापाशी गेल्या. मंडळाचे अध्यक्ष मध्ये आडवे आले आणि म्हणाले, बाई, हात मातीचे आहेत तुमचे, लांबूनच बघा.

मातीच्या वाडग्याला मातीचे हात चालत नाहीत. मग कशाचे चालतात, लोण्याचे? काकू मागे सरकल्या, आणि त्या सरकण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या फक्त तेवढ्यासाठी आल्या होत्या, आणि शब्द माझा होता.

मी पाटी उचलून बाजूला ठेवली आणि वाडगा काकूंच्या हातात दिला. अध्यक्षांना म्हटलं, फुटला तर माझा फुटेल.

काकूंनी आधी तो उपडा केला आणि बुडावर टिचकी मारली. अख्खा हॉल गार. आपण घागर घेताना वाजवून बघतो, अगदी तसंच... आवाज बद्द आला. "भाजला कमी हाय," काकू म्हणाल्या, "पण चिरला नाही."

मग सरळ करून दोन्ही हातांत धरला. बोटं आपोआप त्या खळग्यांत गेली आणि तिथेच थांबली.

"हे चाकावरचं नाही जी," काकू म्हणाल्या. "हे आमचं काम हाय. बायाचं."

रामाजीकाका दारात उभे होते. त्यांनीच सांगितलं, त्यांच्यात बाया चाकाला हात लावत नाहीत. म्हणून चूल, ग्वालीण, जे जे नुसत्या हाताने होतं ते सगळं काकूंचं. "मले नाही जमत ते," काका सरळ म्हणाले.

पाहुणे उठून जवळ आले, काकूंना नमस्कार केला आणि आम्हाला विचारलं, यांचं नाव काय? अध्यक्षांनी बॅनरकडे पाहिलं. तिथे मोठ्या अक्षरांत एकच नाव होतं, रामाजी. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं त्यांच्या हातची ग्वालीण माझ्या देवापुढे उभी असते... आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. अध्यक्षांवर डाफरणारी मी, बॅनर तर माझाच होता.

"वच्छला," काकूंनी स्वतःच सांगितलं. वाडगा अजून हातातच होता.

घरी येऊन अध्यक्षांच्या नावाने खूप बोटं मोडली. पण तीन दिवस झाले, राग काही त्यांच्यावर टिकत नाहीये.

आज सकाळी केळापूरला फोन लावला. नेहमीप्रमाणे काकांनी उचलला. म्हटलं, वच्छलाकाकूंना द्या जरा.

काका घाबरून म्हणाले, "काहून जी मॅडम... काही चुकलं का तिचं?"