दीपमालाचा दोनशे चौदावा माणूस

दीपमाला धकातेच्या घरात चार पिढ्यांचे हात विणकामाच्या मागावर बसले. तिचा बसला तो शिरेवर. पैलवान असो की वाळून काटकी झालेली म्हातारी, रक्त काढायला तिला पहिल्याच खेपेत शीर सापडायची. म्हणूनच नागपूरच्या डॉक्टर ऋतुजा मॅडमनी तिला आपल्या अभ्यासाच्या कामात घेतलं.

मॅडमनी दहा वर्षांपूर्वी नरखेड तालुक्यात गावोगाव रक्त तपासून हिपॅटायटिस बी असलेले दोनशे चौदा लोक शोधले होते. आता त्यांची यकृतं कशी आहेत ते पुन्हा बघून लेख छापायचा होता. माणसं शोधणं दीपमालाकडे. एक जण सुरतेत सापडला, एक छिंदवाड्याला सासरी. जे वारले होते त्यांचे दाखले तिने ग्रामपंचायतीत ठिय्या देऊन मिळवले. वर्षभरात दोनशे तेरा झाले. उरले नत्थूजी.

नत्थूजींची संत्र्याची बाग होती, मिशा होत्या, आणि रानडुकराला नुसत्या काठीनं हुसकावल्याची ख्याती होती. पहिल्या खेपेला दीपमाला पुढच्या दारात उभी राहिली, तर ते मागच्या दाराने बागेत गेले. दुसऱ्या खेपेला घरच्यांनी सांगितलं की ते पांढुर्ण्याला गेलेत, आणि माळ्यावरून खोकला ऐकू आला. तिसऱ्यांदा ती पहाटेची एसटी धरून गेली, तर नत्थूजी मोटरसायकलवर समोरून आले, वेग जरासुद्धा कमी न करता मोठ्या अदबीने नमस्कार केला आणि निघून गेले.

मॅडम म्हणाल्या, एक माणूस सुटला तर काही बिघडत नाही. 'संपर्क तुटला' असं लिहायची रीत आहे.

"संपर्क कुठं तुटला, मॅडम? माणूस तं समोरून मले नमस्कार करून राहिला," दीपमाला म्हणाली. असलं खोटं छापायला ती तयार नव्हती.

पुढच्या आठवड्यात ती नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेली. दुकानात गादीवर बसून लुगडी पाहत होत्या रुख्मिणीबाई, आणि शेजारी बायकोच्या पिशव्या सांभाळत होते नत्थूजी. तिला पाहून ते उठले, पण दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि दारात गिऱ्हाइकांची गर्दी. परत बसले.

"काका, तुम्ही काहून पळता?" दीपमालानं विचारलं.

नत्थूजींनी मिशीवरून हात फिरवला आणि पंख्याकडे पाहिलं. उत्तर रुख्मिणीबाईंनी दिलं, तेही लुगड्याचा काठ चाचपत. "त्यायले सुईचं भेव वाटते वं बाई. मागच्या टायमाले शाळेत रक्त घेतलं, तं आडवे झाले. सरपंचाच्या अंगावर. आम्ही गावाले सांगितलं, उपास होता."

मग नत्थूजींनी हलक्या आवाजात विचारलं, मॅडमचा दवाखाना इथून किती दूर आहे, आणि तिथं नरखेडकडचं कोणी असते का?

रिक्षाने पंधरा मिनिटं लागली. नत्थूजी पलंगावर पडले, डोळे मिटले, आणि सुई टोचायच्या आधीच बेशुद्ध झाले. दीपमालानं मॅडमना हाक मारली. मॅडमनी नाडी पाहिली, पाय उंच करायला सांगितलं. रुख्मिणीबाई एका हाताने नवऱ्याला वारा घालत होत्या आणि दुसऱ्याने मॅडमना लुगडं दाखवत होत्या. ते शुद्धीवर आले, संमतीच्या कागदावर सही दिली, आणि दीपमालानं पुन्हा एकदा विचारून रक्त घेतलं. या वेळी त्यांनी नुसते दात आवळले.

लेख छापून आला. दीपमालाच्या वर्षभराच्या पायपिटीवर त्यात एकच ओळ होती: दोनशे चौदापैकी प्रत्येकाची माहिती मिळाली. शेवटी आभारात तिचं नाव होतं, आडनावातलं एक अक्षर चुकलेलं. तिने त्या पानाच्या सहा झेरॉक्स काढल्या आणि सहाहीवर पेनने अक्षर दुरुस्त केलं.

नत्थूजींच्या तपासणीत मात्र यकृताला त्रास सुरू झालेला निघाला. वेळेत कळलं, म्हणून रोजच्या एका गोळीवर भागलं. शिवाय दर सहा महिन्यांनी रक्त. ते ठरल्या तारखेला न चुकता नागपूरला येतात, पलंगावर आडवे होतात, तासाभराने उठून जातात. कशासाठी जातात हे त्यांनी गावात कोणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे त्यांची हायकोर्टात मोठी केस चालू आहे असं गाव समजतं, आणि भाऊबंद त्यांच्याशी फार जपून बोलतात.