मायकलभावजींचं ॲव्हरेज

माझ्या थोरल्या बहिणीच्या, रोझलीनच्या, नवऱ्याच्या गाडीत बसायचं असेल, तर आधी खिसे रिकामे करावे लागतात. मी गंमत करत नाही. मायकलभावजी गाडीच्या दाराशी उभे राहून विचारतात, "ॲल्रॉय, खिशात काय हाय? येवढ्या चाव्या? तुझ्या घराला दारं तरी किती?"

वजन वाढलं की पेट्रोल जास्त जातं, हे खरंच आहे. पण चाव्यांच्या जुडग्याने किती जातं हे विचारायची माझी छाती नाही. एकदा मी कलिंगड घेऊन निघालो होतो, तर त्यांनी गाडी सुरू करायच्या आधी ते मला तिथेच कापून खायला लावलं.

"भावजी, पोटात गेलं तरी वजन तेवढंच ना?"

"सालं तर बकरीला घातलीस ना? तेवढी कमी झाली."

भावजी वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचे. उभी हयात त्यांनी बोटीवर काढली. बोटीच्या धंद्यात मासळी मिळो न मिळो, डिझेल मात्र लागतंच. म्हणून त्यांच्या बापाने त्यांना मासे धरायच्या आधी डिझेल वाचवायला शिकवलं: ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, भरतीबरोबर आत यायचं, आणि वाऱ्याच्या तोंडावर कधी जायचं नाही. पुढे गुडघे दुखायला लागले, बोट त्यांनी चुलतभावाला देऊन टाकली आणि जुनी, लहानशी पेट्रोल गाडी घेतली. घेताना विकणाऱ्याला फक्त दोन प्रश्न विचारले. गाडी हलकी किती, आणि ॲव्हरेज किती. रंग कोणता हे त्यांनी घरी आणल्यावर पाहिलं. सीएनजी घ्या म्हणून मीच सुचवलं होतं, पण टाकीने डिकी भरते, मग रोझलीनच्या मासळीच्या पाट्या कुठे ठेवायच्या? शिवाय गॅसच्या रांगेत उभं राहण्यात जन्म जाईल, असं त्यांचं मत. त्यांच्या गाडीचा वेग पाहता जन्म कुठे कसा जावा याबद्दल त्यांनी बोलू नये, असं माझं मत.

बोट सुटली, पण बोटीचं डोकं सुटलं नाही. भावजी जमिनीवरही वारा बघून निघतात. आमच्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा. म्हणजे पूर्वेला जायचं तर दुपारी, वारा पाठीवर घेऊन, आणि पश्चिमेला यायचं तर पहाटे. मी राहतो विरार पूर्वेला, फुलपाड्यात. त्यामुळे भावजी माझ्याकडे आले की त्या दिवशी परत जात नाहीत. दुपारी येतात, मुक्काम करतात आणि उजाडता उजाडता निघतात. माझ्या बायकोला ही वाऱ्याची भानगड कळायला वर्ष लागलं. तोवर ती समजत होती की त्यांना आमचा फार लळा आहे.

गाडी ते अनवाणी चालवतात. चपलेतून ॲक्सिलेटर किती दाबला ते कळत नाही म्हणे. लांबवर लाल सिग्नल दिसला की पाय उचलतात आणि गाडी आपली आपण घरंगळत जाते, ती पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झालेला असतो. ब्रेक दाबला म्हणजे जाळलेलं पेट्रोल फुकट गेलं, हे त्यांचं सूत्र. मागचे हॉर्न वाजवून वेडे होतात. भावजी शांत. एकदा वसईच्या बाजारातून जाताना रोझलीन चालत्या गाडीतून उतरली, बेकरीतून पाव घेतले आणि पुढे येऊन पुन्हा बसली. भावजींना ती उतरल्याचं कळलंच नाही. ही गोष्ट मी सांगितली की लोक हसतात, पण रोझलीन हसत नाही. ती हल्ली सरळ रिक्षाने जाते आणि भावजींच्या आधी पोचून चहा पिऊन घेते.

आणि एसी! गाडीला एसी होता, पण त्याच्या बटणावर भावजींनी वेलंकनी मायचा स्टिकर चिकटवला होता. कुणाची टाप आहे हात लावायची?

असा माणूस मुलीचा बाप असला की काय होतं, ते आम्ही गेल्या उन्हाळ्यात पाहिलं.

त्यांची एकुलती एक मुलगी नेहल. बँकेत आहे, बडबडी आहे, आणि डॅडींशी भांडताना तिला कुणी थांबवू शकत नाही. तिने रायनला पसंत केलं. रायन पूर्वेला, जूचंद्रला नव्या टॉवरमध्ये राहतो, नोकरी उत्तम, मुलगा गरीब स्वभावाचा. पण पहिल्यांदा घरी आला तो भल्यामोठ्या सात सीटांच्या गाडीतून, आणि आत एकटा.

भावजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "गाडी ॲव्हरेज किती देते?"

"अंकल, मी कधी बघितलंच नाही," रायन हसून म्हणाला.

त्यानंतर भावजी चहा संपेपर्यंत खिडकीतून त्या गाडीकडे बघत राहिले. रायन गेल्यावर म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पन आपली गाडी किती देते ते ज्याला ठाव नाय, तो संसार काय करनार?"

"डॅडी, मी गाडीशी लगीन नाही करत!" नेहल ओरडली. रोझलीनने मध्ये पडून विषय मिटवला आणि लग्न ठरलं मे महिन्यात, दुपारी चारला, रायनकडच्या चर्चमध्ये.

मग प्रश्न आला नवरीच्या गाडीचा. मी माझ्या ओळखीची एक लांबलचक पांढरी गाडी ड्रायव्हरसकट ठरवत होतो, तर भावजी म्हणाले, "माझी पोर माझ्या गाडीतून जानार. मी नेनार."

मग रोझलीन म्हणाली, "तुमी नेलात तर पोर पोचेल तवा फादर जेवून झोपलेले असतील."

मी हसलो. पण भावजी हसले नाहीत. मान खाली घालून ते जे बोलले, ते ऐकून माझं हसू जागच्या जागी गेलं.

"नेहल जन्मली तवा मी समुद्रात. फर्स्ट कम्युनियनला समुद्रात. दहावीला पहिली आली, मला चार दिसांनी कळलं. येक दीस तरी मी तिच्यासंगं पोचेन म्हनतो."

माणूस चिक्कू असला तरी बाप असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं आणि माझीच मला लाज वाटली. नेहल उठली, त्यांच्यासमोर उभी राहिली. डोळे भरले होते, पण आवाज बँकेतलाच.

"ठीक आहे डॅडी. तुम्हीच न्यायचं आणि आत हात धरून पण तुम्हीच न्यायचं. पण एसी लावायचा. माझा मेकअप वितळला ना, तर मी तिथेच उतरेन. चारच्या आधी पोचवायचं. आणि वाऱ्याचं नाव काढायचं नाही. यातलं एक जरी झालं नाही, तर मी मामाच्या पांढऱ्या गाडीत बसणार."

"कबूल," भावजी म्हणाले, आणि जरा थांबून पुढे म्हणाले, "तसा मे महिन्यात दुपारी वारा पाठचाच असतो."

"डॅडी!"

लग्नाच्या दिवशी भावजी सुटात आणि अनवाणी. बूट डिकीत. त्यांनी स्टिकर नखाने हलकेच सोडवला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. मग एसीचं बटण दाबलं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, लस टोचून घेताहेत. मागे नेहल आणि रोझलीन, पुढे मी. माझे खिसे मी घरीच रिकामे केले होते.

पण एक गोष्ट भावजी विसरले होते. आमच्याकडे नवरी घरातून निघाली की पुढे बँड, बँडपुढे नाचणारं गाव, आणि मागे पहिल्या गिअरमध्ये रांगणारी नवरीची गाडी. वाटेतल्या क्रुसापाशी थांबायचं, मेणबत्ती लावायची, पुन्हा नाच. पहिला गिअर, वर एसी! भावजींच्या कपाळाला गार हवेत घाम आला. त्यांचा हात दोनदा चावीकडे गेला आणि दोन्ही वेळा मागून नेहलचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

शेवटी त्यांनी काच खाली केली आणि बँडमास्तरला ओरडून सांगितलं, "अरे, जरा फास्ट गानी वाजव ना!"

बँडमास्तरला वाटलं नवरीचा बाप रंगात आला. त्याने असा काही ठेका धरला की नाचणारे पळायलाच लागले. आमची एलिसामावशी, जी गेल्या कित्येक लग्नांत एका जागी उभी राहून नाचते, ती धापा टाकत पुढे निघाली. पाचूबंदरातून इतक्या लवकर नवरी बाहेर पडल्याचं कुणाला आठवत नाही.

आणि मग मोठा रस्ता लागला. इथे मला कबूल केलंच पाहिजे, त्या माणसाने जी गाडी चालवली ती बघत राहावी. घाई नाही, धक्का नाही. एकही सिग्नल आम्हाला थांबवू शकला नाही. नायगावच्या पुलावर मोठ्या गाड्या आमच्या पुढे गेल्या आणि पुढच्या नाक्यावर आम्हाला पुन्हा भेटल्या. वाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही, पण भावजी एकदा खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघून हळूच हसले. नेहलच्या डोक्यावरचं फूलही हललं नाही. आम्ही चर्चच्या फाटकाशी चारच्या आधी पोचलो. रोझलीनने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"उतरा तुमी," भावजी म्हणाले. "मी गाडी लावून आलोच."

आलोच म्हणाले आणि गायब झाले.

आत कॉयर तयार. फादर वेदीशी. रायन घामाघूम. दारात नेहल, हातात फुलं, आणि बाजूला बापाची जागा रिकामी. फाटकासमोर गाडी लावायला ढीगभर जागा होती, पण तिथे ऊन होतं. उन्हात टाकी तापते, पेट्रोल उडून जातं, हे प्रवचन मी भावजींकडून इतक्यांदा ऐकलंय की मला समजायला वेळ लागला नाही. मुलगी चर्चच्या दारात उभी आणि हा माणूस सावली शोधत हिंडतोय! माझं डोकं फिरलं.

आतून निरोप आला की सुरू करू या, मामांनी हात धरला तरी चालेल. रोझलीनने माझ्याकडे पाहिलं. नेहलने नाही पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"मामा, नको," ती म्हणाली. "डॅडी येणार."

मी तिच्यासाठी आतून तुटलो आणि त्याच वेळी ठरवलं की आज भावजींना चार शब्द सुनावायचेच. तेवढ्यात ते आले. सुटात, अनवाणी, धावत, दुखऱ्या गुडघ्यांवर. बूट डिकीतच राहिले होते. नेहलने त्यांच्या पायांकडे पाहिलं, हसली, आणि त्यांच्या हातात हात घातला. बाप आणि लेक आत चालत गेले. संगमरवरावर त्यांच्या धुळीने भरलेल्या पावलांचे ठसे उमटत होते आणि मागून चालणारी रोझलीन मुसमुसत होती. मीही डोळे पुसले, पण राग गेला नव्हता.

राग वाढलाच. कारण अख्ख्या मिस्सेत, म्हणजे लग्नाच्या प्रार्थनेत, भावजींचं लक्ष दाराकडे. प्रवचन झालं, अंगठ्या घालून झाल्या, हा माणूस मान वळवून बाहेर बघतोय. मी दातओठ खात बसलो.

मिस्सा संपली. फोटो, तांदूळ, मिठ्या, आरडाओरडा. भावजी फोटो काढून कुठेतरी सटकले. फुलांनी मढवलेली रायनची मोठी गाडी फाटकाशी आली, नेहलने सगळ्यांना हात केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि रायनबरोबर हॉलकडे निघून गेली. धूळ बसली तेव्हा भावजी गर्दीतून वाट काढत आले.

"नेहल कुठं गेली? चला, गाडी तयार हाय."

"गेली ती," मी तडकून म्हणालो. "रायनच्या गाडीतून. लग्न झाल्यावर नवरी नवऱ्याच्या गाडीतून जाते, भावजी. कुठं होतात तुम्ही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. गावातल्या शेकडो लग्नांत त्यांनी हेच पाहिलं होतं.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "तसंच असतं."

ते वळून चालायला लागले, आणि मी आणि रोझलीन त्यांच्या मागे. चार शब्द माझ्या तोंडात तयारच होते. चर्चच्या मागे चिंचेखाली गाडी उभी होती, आणि शेजारी एक शहाळीवाली राखण करत बसली होती.

"परत आलात का दादा?" ती म्हणाली. "कवापासून चालूच हाय गाडी. मला राहवेना, किती पेट्रोल जळलं असेल!"

मी दार उघडलं. आतून गार हवा अंगावर आली. सगळ्या काचा बंद, चावी लागलेली, एसी पूर्ण सोडलेला. अख्खी मिस्सा गाडी चालू होती.

"सावलीत लावली, म्हनजे लवकर गार होईल," भावजी म्हणाले. "पोर इतका येळ आत उकडून निघनार. भायेर आली की बसल्याबसल्या तिला बरं वाटलं पायजे."

माझे चार शब्द कुठे गेले मला कळलं नाही. आम्ही तिघं गाडीत बसलो. भावजींनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मागची अर्धी सीट रिकामी होती आणि रोझलीन मुद्दाम कडेला सरकून बसली होती. थोड्या वेळाने तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"अवो, बंद करा तो एसी आता. थंडी वाजते."

"राहू दे," भावजी म्हणाले, आणि त्यांनी गाडी हळूच पहिल्या गिअरमध्ये टाकली.