देवीनं माझं पाणी घेतलं नाही

मी चिडखोर बाई आहे. ही हकिकत राग आवरून सांगणं मला जमणार नाही, वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. आमचं गाव नरडाण्याजवळ. माझ्या चार वर्षांच्या लेकीला फिट यायच्या, म्हणून तिला औषध सुरू झालं. "काही वर्षं घ्यावं लागेल, एकही डोस चुकवू नका," एवढं बोलून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप चढला आणि छातीवर लाल पुरळ उठलं.

सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, "देवी उनी." आमच्याकडे अंगावर देवी आली, म्हणजे गोवर-कांजिण्या निघाल्या, की घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा आणि औषधाला तर हातही लावायचा नाही, देवी कोपते. माझं डोकंच फिरलं. बारावी शिकलेली मी, असल्या समजुतीपायी लेकीचं औषध तोडू? मी ते सकाळ-संध्याकाळ मधातून चोरून देत राहिले आणि मनातल्या मनात सासूबाईंवर दातओठ खात राहिले. चौथ्या दिवशी पोरीचे डोळे लालभडक झाले, ओठ सोलवटले, तिला पाणीही गिळवेना. पुरळ देवीचंच हे मीही धरून चालले होते, फक्त औषध तोडायचं नव्हतं; मग सासूबाई आणि मी तिला घेऊन शिवेवरच्या देवीला थंड पाणी घालायला गेलो. एवढ्याशा जिवाला छळून तुला काय मिळतं, असं मी मूर्तीला मनातून विचारलंसुद्धा.

देवळाच्या ओट्यावर नवस फेडायला आलेली एक अनोळखी अक्का बसली होती. तिनं लेकीचं तोंड उघडून पाहिलं आणि तांब्या धरलेला माझा हात पकडला. "पोरले कोनतं औषध चालू शे का?"

"काहीच नही," सासूबाई म्हणाल्या. मला त्यांच्यासमोर कबूल करावं लागलं, "फिटचं. आज सकाळीही दिलंय."

"मंग हाई देवी नही शे, माय. मन्ही नातले बी असंच व्हयेल व्हतं. पाणी राहू दे, पोरले आत्तेच धुयाना दवाखानामा लई जाय."

धुळ्याच्या दवाखान्यात निदान झालं, पुरळ त्याच औषधाचं. अजून एक-दोन दिवस दिलं असतं तर पोर हाती लागली नसती. औषध बदललं, लेक अकरा दिवसांनी घरी आली. पुरळ दिसलं तर लगेच आणा, हे एक वाक्य का सांगितलं नाही, हे विचारायला मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. "सगळ्यांना येत नाही हो," ते म्हणाले. माझ्या लेकीला आलं होतं.

सगळ्यांत जास्त राग मात्र माझा मलाच. सासूबाई आपल्या समजुतीला धरून बसल्या आणि मी माझ्या शहाणपणाला. डॉक्टरला नुसतं विचारायचं, तेही मला सुचलं नाही. अक्का पुन्हा भेटली नाही, तिचं नावही विचारायचं राहिलं. गाव म्हणतं, देवीच बोलली. मी वाद घालत नाही. माझी खात्री जिथं सगळ्यांत पक्की होती तिथंच मला नमवलं गेलं, आणि त्यालाच मी कृपा म्हणते.

आता नवं औषध देताना सासूबाई शेजारी बसतात. आम्ही दोघी लेकीचा फ्रॉक वर करून पोट-पाठ उजेडात निरखतो, मग हात जोडतो. माझा राग अजून गेलेला नाही, आणि देवीनं मला तो सोडायलाही सांगितलेलं नाही.