दरीच्या तळची विहीर

सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. बाई म्हणजे एक घाव दोन तुकडे! दरीच्या तळाशी, ओढ्याकाठी तिची विहीर, भोवती पालकाचे आणि मुळ्याचे वाफे. पलीकडे कोळशाची उघडी खाण. खाण खोल गेली तशा गावातल्या बाकीच्या विहिरी आटल्या, आणि कंपनीने मोठं मन करून दारोदार टँकर सुरू केला. टँकर चालवणारा कोण, तर आत्याचाच मुलगा!

कंपनीला खाणीची परवानगी देताना सरकारने एक अट घातली होती. दरीतळच्या पाण्यावर लोक जगताहेत तोवर दरीचा तो पट्टा खणायचा नाही. हे कळल्यापासून आत्याने टँकरची एक घागर घेतली असेल तर शपथ.

"आई, हात बघ तुझे. सालटी निघालीत," मुलगा म्हणायचा.

"हात माझे आहेत ना? तू तुझं स्टेअरिंग सांभाळ."

"आणि उद्या विहीरच आटली तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! हो बाजूला."

गाव फिदीफिदी हसायचं. पोरगा जगाला पाणी पाजतो आणि आई बसलीय दोर ओढत! आत्याला भीती वाटत नव्हती असं नाही हं. पाणी खाली जात होतं, दोराला दोर जोडावा लागत होता. विहीर गेली की वाफे गेले, आणि वाफ्यांशिवाय तिचं होतं काय?

अट पाळली जातेय का, याच्या तपासणीला सरकारी साहेब आले. खाणीचा मॅनेजर म्हणाला, "सगळं गाव आमचंच पाणी पितं. ही एक म्हातारी सोडा. विचारा, हा तिचाच मुलगा."

मुलाने आईच्या हातांकडे पाहिलं.

"पितं, साहेब. पण टँकर मी भरतो खाणीच्या खड्ड्यावर. इथलंच पाणी तिकडे झिरपतं, ते पंपाने उपसतात, गाळतात आणि आम्हालाच आणून देतात. आमचंच पाणी आणि वर उपकार!"

मॅनेजरने तिथल्या तिथे त्याच्याकडून चावी काढून घेतली. एका घरासाठी अट ठेवायची का, ते आठवड्याने पुन्हा येऊन ठरवतो, असं सांगून साहेब गेले. आणि मॅनेजरने काय करावं? गावाची जिरवायची म्हणून टँकरच बंद केला! अक्कल गहाण टाकली होती की काय, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव आत्याच्या विहिरीवर.

आठवड्याने साहेब आले ते घागरींच्या रांगेतून वाट काढत. विहिरीवर बिननोकरीचा मुलगा दोर ओढत होता. साहेबांनी काही विचारलंच नाही. मॅनेजरला तिथेच सुनावलं, "हा पट्टा खणायचा नाही."

आत्याने पदर खोचला आणि रांगेकडे वळली.

"फार हसत होतात ना? आता धरा दोर, माझं पोरगं दमलंय. आणि माझा पालक तुडवलात तर याद राखा!"