दोन मात्रांचा खोकला

एका राजाचा खोकला मी स्वरलिपीत लिहिला. चूक सर्वस्वी माझी, फक्त शाई संस्थानची होती.

सोलापूरजवळच्या एका चिमुकल्या संस्थानाचे ते अधिपती. संस्थान एवढंसं, की महाराजांनी मोटार जरा जोरात सोडली तर ती निजामाच्या हद्दीत जाऊन थांबायची. ते स्वतः बंदिशी बांधत. त्या कागदावर उतरवायला सोलापुरातल्या एका शाळेचा गायनमास्तर, म्हणजे मी, दर शनिवारी दुपारी राजवाड्यावर जाई. झोपाळ्यावर बसून ते म्हणून दाखवीत, मांडीवर हातानं ताल धरीत आणि शेवटी एकच विचारीत, "मास्तर, खरं सांगा."

खरं सांगायची तिथं पद्धत नव्हती. महाराजांचा हात समेवर पडला की आधी कारभारी मान डोलावणार, मग सगळा दरबार 'वाहवा' म्हणणार. एकदा महाराज मुद्दाम बेसूर गायले. कारभाऱ्यांनी डोळे पुसले.

"तवापास्नं सरकार जेवलं न्हाईत बगा," त्यांचा म्हातारा हुजऱ्या भीमण्णा मला संध्याकाळी सांगत होता.

मग महाराजांनी बेत केला. मुलतानीतली नवी बंदिश सोलापुरात एका खाँसाहेबांनी गायची. ती कुणाची, हे खाँसाहेबांनाही सांगायचं नाही. महाराज मागं बसून लोक काय म्हणतात ते ऐकणार.

"मला येतं की नाही, ते तिथं तरी कळेल," म्हणाले.

बंदिश अर्थातच मी लिहून घेतली. महाराजांना तपकिरीची सवय. मुखड्यात, समेच्या थोडं अलीकडे, त्यांना खोकला आला. मांडीवरचा हात मात्र चालूच. मी पुन्हा म्हणायला सांगितलं, तर पुन्हा तिथंच खोकला. आता तुम्ही म्हणाल, खोकला तो खोकला. पण त्याच्याआड दोन मात्रांची शांतता आहे आणि ती मुद्दामच ठेवलेली आहे, असं माझ्या विद्वत्तेनं ठरवलं. दोन मात्रा कोऱ्या सोडल्या, ताल जुळावा म्हणून पुढचे शब्द दाटीनं कोंबले आणि चीज तशीच खाँसाहेबांना शिकवली.

बैठक रविवारी तिसऱ्या प्रहरी, एका कापडव्यापाऱ्याच्या माडीवर झाली. गिरण्या बंद, त्यामुळे भोंग्याची भीती नव्हती. महाराज साधा कोट आणि काळी टोपी घालून, मोहोळचे कुणी जमीनदार म्हणून मागं बसले होते. भीमण्णा तेवढा त्यांच्यापुढं पानाचं तबक धरताना तीनतीनदा वाकत होता.

खाँसाहेब मुखडा घेऊन समेकडे निघाले आणि ऐन दारात गप्प झाले. तबला एकटाच चालला. माडीचा श्वास अडकला. मग शब्द धावत येऊन समेवर उतरले आणि सगळी बैठक एकदम गुडघ्यांवर उठली.

"मास्तर, ये चीज बांदे सो आदमी के हातां चूमना," खाँसाहेब मला म्हणाले.

मी मागं पाहिलं. महाराजांचा चेहरा उतरला होता.

परतताना मोटारीत त्यांनी विचारलं, "ती गप्प राहायची जागा माझी नव्हे. कुणाची?"

नोकरी गेलीच असं धरून मी खोकल्याची हकीकत सांगितली. त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली.

"आणि ती जागा सोडून? मास्तर, खरं सांगा."

"बरी आहे, सरकार. अंतरा लांबलाय जरा."

कारभारी असते तर मला चालत्या मोटारीतून उतरवलं असतं. महाराज मात्र हसायला लागले. "बरी आहे," ते स्वतःशीच दोनदा म्हणाले, कुणी शालजोडी दिल्यासारखे. पुढच्या शनिवारी अंतरा निम्मा झाला होता, आणि खरोखर सुरेख झाला होता. मी तसं म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पहिल्यांदाच तपकिरीची डबी माझ्यापुढे केली.

काही वर्षांनी महाराज गेल्याचं कळलं तेव्हा मी राजवाड्यावर भेटीला गेलो. झोपाळा कड्यांवरून काढून भिंतीला उभा केला होता. त्याच्याशेजारी भीमण्णा बसला होता. मी त्याच्यापाशी टेकलो. मग न राहवून, विचारू नये ते मी विचारलं.

"भीमण्णा, महाराज माझ्याविषयी कधी काही बोलायचे का रे?"

"बोलायचे की," तो म्हणाला. "म्हनायचे, मास्तराला गानं बेताचंच कळतंय, पन खोटं बोलायची बी अक्कल न्हाई. ऱ्हाऊ द्या त्याला."