कात्रीने तोडलेले आणि सरांनी जोडलेले

प्रा. पुंडलिकराव इंगळे यांची आणि माझी पहिली भेट विहिरीवर झाली. अमरावतीला त्यांच्या हाताखाली संशोधन-साहाय्यकाची जागा निघाली होती आणि मी अकोल्याहून सकाळच्या बसने, इस्त्रीची साडी नेसून मुलाखतीला आले होते. शिपायाने कॉलेजमागच्या मळ्याकडे बोट दाखवले. तिथे अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ पाठीला रिकामे डबे बांधलेल्या पोरांना पाण्यात ढकलत होते. मी म्हटले, “अहो मास्तर, इंगळेसरांना जरा बोलावता का?” “बोलावतो ना,” असे म्हणून ते निघून गेले आणि थोड्या वेळाने कोट चढवून, ओल्या केसांनी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसले. “बोला. मीच इंगळे.” नोकरी गेली असे मी धरून चालले होते. उलट ते खूश दिसले, आणि जागा मलाच मिळाली.

आज षष्ट्यब्दीपूर्ती होत असलेल्या सरांनी आयुष्यभर एकच ध्यास घेतला आहे: वऱ्हाडातले पोर पाण्यात बुडून जाऊ नये. पूर्णेच्या काठी खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे धुणे, भांडी, पिणे, सगळे नदीच्या डोहावर. सरांनी अशा गावांत पोहण्याचे वर्ग काढले, अनुदान मिळवले. त्या वर्गांवर त्यांचा जीव होता. ते स्वतः पट्टीचे पोहणारे, आणि पाण्याला भिणारे पोर पहिल्यांदा तरंगले की सर त्या पोरापेक्षा मोठ्याने ओरडत.

वर्गांचा उपयोग होतो की नाही हे पाहण्यासाठी आम्ही गावोगाव आयांशी बोललो. त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले, मग एकेक मुद्दा कात्रीने कापून चिठ्ठ्या केल्या, कोपऱ्यात नाव घातले आणि सरांच्या घरी सतरंजीवर विषयवार ढीग लावले. हे काम नेमके उन्हाळ्यात आले. पंखा लावला की चिठ्ठ्या उडत, म्हणून पंखा बंद. अमरावतीच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवून ज्ञानसाधना करणारे दुसरे गुरुजी मला माहीत नाहीत.

आमच्यातल्या वासुदेव नावाच्या विद्यार्थ्याने एका ढिगावर ‘आईचा निष्काळजीपणा’ अशी पाटी ठेवली.  सरांची लेक तेव्हा माहेरपणाला आली होती. तिची नुकती चालू लागलेली मुलगी त्यांनी वासुदेवच्या मांडीवर आणून ठेवली. “हिला सांभाळत सांभाळत तेवढ्या चिठ्ठ्या लावून टाका. आणि मध्ये नळाला पाणी आले तर घागर भरून ठेवा.” दुपारपर्यंत नातीने एक ढीग विस्कटला, एक चिठ्ठी खाल्ली आणि वासुदेव घागर घेऊन वळला तेवढ्यात ती थेट जिन्यापर्यंत पोचली. खाल्लेली चिठ्ठी त्याने मूळ टिपणावरून पुन्हा उतरवून काढली आणि आपण होऊन पाटी बदलली: ‘आईचे हात गुंतलेले होते’. अहवालात तीच पाटी गेली.

हे सगळे हसतखेळत चाले, पण विषय हसण्याचा नव्हता. अकोटकडच्या एका गावात मूल गेलेल्या आईशी बोलून मी परत निघाले.  एसटी स्टँडवर सरांनी गरम आलूबोंडे मागवले, द्रोण माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “खाऊन घ्या आधी. आज काही लिहायचं नाही.” बस येईपर्यंत ते आपल्या शेतातल्या बैलांच्या गमती सांगत राहिले. मी त्या ऐकल्या नाहीत, हे त्यांना कळत होते. तरी ते सांगत राहिले. इतके साधे, इतके मोठे मन मी फार थोड्या माणसांत पाहिले आहे.

आणि आता तो दिवस, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

अहवाल अनुदान देणाऱ्या समितीपुढे जायचा होता. ‘वर्गांचे कौतुक’ हा आमचा सर्वांत जाड ढीग. सर सतरंजीवर पालथी मांडी घालून त्यातून वाचत होते. गिरजाबाई नावाच्या एका आईचे वाक्य आले: “आता काय भेव हाये? आमच्या सुखदेवले पोवता येते. लहान्याले त्याच्यापाशी ठेवतो अन् आमी बिनघोर वावरात जातो.” आम्ही खूश झालो.  सर मात्र उठून ‘थोडक्यात वाचलेली मुले’ या ढिगापाशी गेले आणि एक चिठ्ठी काढून पहिलीच्या शेजारी ठेवली. तीही गिरजाबाईचीच होती: “सुखदेव डोहात बुड्या मारून राह्यला होता. लहाना काठावरून घसरला. धुणं धुनाऱ्या बाईनं केसाले धरून काढलं, म्हनून वाचला.”

बाईने हे सलग सांगितले होते. आम्ही मध्ये कात्री चालवून अर्धे कौतुकात टाकले आणि अर्धे अपघातात. मग सरांनी कौतुकाचा सगळा ढीग तसाच तपासायला लावला. दोन्हीकडे नाव असलेल्या आया आणखी निघाल्या. पोहायला शिकलेल्या पोरावर आया विसंबत होत्या, आणि ते पोर पाणी दिसले की पोरासारखेच वागत होते.

 सर स्वतःशीच म्हणाले, “कात्री माहीच होती.”

दुसऱ्या दिवशी ते गिरजाबाईकडे गेले, मला घेऊन. ओट्यावर टेकत विचारले, “पोवनं शिकवनं बंद करू काय बाई?”

“बंद कावून करता?” ती फणकारली. “पोराले शिकवा. पन आमी वावरात असतो तवा लहान्याले कोन पाहीन, ते सांगा पयले!”

सरांनी हे दोन्ही अहवालात घातले: वर्गांमुळे निर्माण झालेला धोकाही आणि गिरजाबाईचा प्रश्नही. समितीच्या अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेऊन समजावले, “स्वतःच्याच कामावर कशाला ठपका ठेवता? एवढा परिच्छेद गाळा, अनुदान चालू राहील.” सर म्हणाले, “परिच्छेद गाळता येईल. पोर पुन्हा त्याच काठावर बसेल.” अनुदान थांबले. त्या मोसमात सर विहिरीकडे फिरकले नाहीत, आणि कोरड्या केसांचे सर बघणे आम्हाला फार जड गेले.

पण स्वस्थ बसतील तर ते इंगळेसर कसले! गावोगाव सभा घेऊन, आयांशी हुज्जत घालून, कधी हात जोडून त्यांनी निंदणी-वेचणीच्या दिवसांत लहानग्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या बालवाड्या सुरू करून घेतल्या. गिरजाबाईच्या गावाने पहिला मान पटकावला. पुढे समितीनेही अनुदान दिले, बालवाडीला आणि पोहण्याच्या वर्गांना एकत्रच. त्या दिवशी सरांनी कोटासकट विहिरीत उडी घेतली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांनी कितीही नाकारले तरी.

किती मुले वाचवलीत, असे सरांना सत्काराच्या सभांत विचारतात आणि सर गडबडून जातात. त्याचे उत्तर कोणाकडेच नाही. जे पोर बुडाले, त्याची आई आम्हाला भेटली. जे बुडाले नाही, ते आज कुठल्या तरी शाळेत पाढे चुकवत असेल, कुठल्या तरी मळ्यात बोरे पाडत असेल. आपण वाचलो हे त्याला माहीत नाही, त्याच्या आईलाही नाही. हार घेऊन ते येणार कसे? म्हणून त्या सगळ्यांच्या वतीने मीच आज सरांच्या पायांवर डोके ठेवते आणि मागणे मागते की सर, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. तुम्हाला कधीच ओळखणार नाहीत अशी आणखी पुष्कळ पोरे या वऱ्हाडात मोठी होवोत.