रजिस्टरात आबांचं नाव

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी सेंटरच्या रजिस्टरात मी इंग्रजीत एक पूर्ण वाक्य लिहिलं होतं, आणि त्याच वाक्यावर बोट ठेवून साहेबांनी माझा निम्मा पगार कापला होता.

शिरूरजवळच्या दूध सेंटरमध्ये मी कॅन धुवायला होते. तिथं बल्क कूलर होता, म्हणजे दूध थंड ठेवायची स्टीलची मोठी टाकी. तो आबा चालवायचे, कवठे येमाईचे. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. रजिस्टरात आम्ही बायका 'कॅन फुटला', 'लाइट गेली' एवढंच लिहायचो. कुणी केलं ते लिहायचं नाही, उगाच कुणाचं नाव अडकायला नको.

मग पुण्याहून क्वालिटीच्या मॅडम आल्या. नोंद इंग्रजीत आणि पूर्ण वाक्यात हवी म्हणाल्या. संध्याकाळचं दूध यायच्या आधी त्या आम्हाला अर्धा तास शिकवायच्या. कोणी आणि काय केलं, दोन्ही आलं की वाक्य पूर्ण. पहिलं अक्षर मोठं, शेवटी टिंब. मी 'वॉश्ड द कॅन' लिहिलं की विचारायच्या, "कोणी? भुतानं?" आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. चाळिशीत पुन्हा शाळेत बसल्यासारखं वाटायचं. तो अर्धा तास अजून आठवतो.

एकदा कूलरच्या मोटारीतून जळका वास आला. आबांनी झटकन बटण बंद केलं. वायरमनला आणायला निघताना मला म्हणाले, "लिवून ठेव गं."

नोंदीत आबा, मामा चालत नव्हतं, कागदावरचंच नाव हवं होतं. ते होतं दत्तू. बापाच्या वयाच्या माणसाला नुसतं दत्तू लिहायला माझा हात धजेना. मग मी 'आय' लिहिलं, म्हणजे मी. आय स्टॉप्ड द कूलर. वाक्य पूर्ण झालं.

वायरमन येईपर्यंत दूध नासलं. कॅन धुणाऱ्या बाईनं कूलर बंद केलाच का, म्हणून भरपाई माझ्या पगारातून. लेकीची दौंडच्या कॉलेजची फी त्यातूनच जायची होती. तरी मी खाली मान घालून कॅन धूत राहिले.

आठवड्यानं आबांना कळलं. ते मला घेऊन साहेबांपुढं उभे राहिले.

"बटन म्या बंद केलं, साहेब. न्हाईतर मोटार जळाली असती."

साहेबांनी मला विचारलं, मग तुम्ही स्वतःला का लिहिलं? मी खाली बघत कारण सांगितलं. आबा माझ्याकडं वळले.

"येडी हायेस का? माझी आई आजून मला दत्त्या म्हणती. लिव्ह."

साहेबांसमोर मी जुनी ओळ खोडली आणि खाली आबांचं नाव लिहिलं. आबांनी शेजारी सही केली. धोका दिसल्यावर कूलर बंद करणं त्यांचं कामच होतं, त्यामुळं त्यांच्याकडून भरपाई घ्यायचा प्रश्नच आला नाही.

आता आबा गावी असतात, सेंटरची नोंद मोबाइलवर होते. वाक्यात कुणीतरी असून भागत नाही, ज्यानं केलं तोच असावा लागतो, एवढं इंग्रजी मला आलं. आणि हो, तेव्हा पुढच्याच पगारात माझे कापलेले सगळे पैसे परत मिळाले.